हातामुळे की मुळातच

"जे राहिलं त्याची यादी आपण सगळेच करतो," मी म्हणाले आणि नेहमीसारखी क्षणभर थांबले. पुढचं वाक्य समोरच्याच्या मनात उतरायला एवढी जागा लागते. त्या जागेत कवळीवाल्या बाईच बोलल्या. "जे झालं त्याची एकदा करून बघायची का?" चालही माझीच, 'एकदा'वर हलका जोर, शेवटी आवाज किंचित खाली. मग उशीला डोकं टेकून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "सोमवारी पडद्यापलीकडे त्या आचाऱ्याला म्हणालात. शब्द न् शब्द पाठ झालाय."

मी हसले. हसणं हा माझ्या कामाचा भागच आहे, पण ते हसू तोंडातच कुठेतरी अडकलं. शेजारची खाट रिकामी होती. आचारी बुधवारी गेले होते. चादर नवी, ताणून बसवलेली, पडदा भिंतीपर्यंत सरकवलेला. एका मोठ्या हॉटेलात त्यांनी तीस वर्षं लोकांसाठी रांधलं होतं आणि स्वतःचं आठ टेबलांचं हॉटेल काढायचं त्यांच्या मनात राहून गेलं होतं. "त्यांनी यादी केली होती," मी म्हणाले. "चांगली अकरा कामं निघाली."

"ठाऊक आहे. तुम्ही गेल्यावर मला वाचून दाखवली. दोन पोरी मार्गाला लावल्या, इतक्या वर्षांत कोणाला अन्नातून बाधा झाली नाही, असलं काय काय. मग कागद पालथा ठेवला आणि म्हणाले, यात माझं हॉटेल कुठे आहे?"

बाईंना बोलताना दम लागायचा. त्यांनी दोन श्वास घेतले. "माझी समजूत काढू नका हं. काढलेली मला लगेच कळते."

टायरची दुकानं संपतात तिथे आमची तीन मजली इमारत आहे. खाली दवाखाना, मधल्या मजल्यावर बारा खाटा, वर कपडे वाळत घालायची गच्ची आणि एक ऑफिस. इथे बरं व्हायला कोणी येत नाही. दुखणं कमी करायला डॉक्टर आहेत, कूस बदलायला सिस्टर आहेत. पण कोणी जेवण परत करतं, भिंतीकडे बघत पडतं, किंवा भेटायला आलेल्या मुलावर ओरडतं, आणि खोदून विचारल्यावर एखादं जुनं, राहून गेलेलं काहीतरी बाहेर येतं. तेव्हा वरच्या ऑफिसात निरोप येतो आणि मी खाली उतरते. सतरा वर्षं झाली. समुद्राकाठी घर बांधायचं राहिलेला न्हावी, शेवटची परीक्षा न दिलेली परिचारिका, एका भाषेचं व्याकरण अर्धं लिहून ठेवलेला पोस्टमन. मी त्यांच्याजवळ बसते. त्यांची इच्छा हलक्या हाताने सोलत जाते. समुद्राकाठचं घर म्हणजे खरं तर काय हवं होतं? शांतता? बायकोला दिलेला शब्द? मग त्यातलं जे हाताशी असेल ते देऊ करते. न्हाव्याला मी खिडकीजवळची खाट मिळवून दिली. तो गेला तेव्हा त्याच्या मुलाने माझे दोन्ही हात धरले होते. या कामाचं मी प्रशिक्षणही देते. दर वर्षी वीस-पंचवीस तरुण मुलंमुली वह्या उघडून बसतात आणि मी सांगते की माणसाला उत्तर नको असतं, साथ हवी असते. ते लिहून घेतात. आणि तरी त्या शुक्रवारी, दाताच्या कवळ्या करून आयुष्य काढलेल्या एका बाईने माझं वाक्य माझ्या तोंडासमोर धरलं तेव्हा ते मला दुकानात टांगलेल्या तयार कपड्यासारखं दिसलं. कोणालाही होईल असं.

उठताना मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "उद्या येईन. बोलायचं नसेल तर नुसती बसेन."

"तुम्ही झोपेत दात खाता," बाई म्हणाल्या.

"काय?"

"खालचे पुढचे चार सपाट झालेत, घासून घासून. दिवसभर आमच्यापुढे दाताच्या कण्या करायच्या आणि झोपेत खरोखरच्या." आणि त्या पहिल्यांदाच मोकळेपणाने हसल्या; त्यांचे स्वतःचे दात मात्र सुरेख होते, अगदी शेवटपर्यंत.

संध्याकाळी चहा गाळताना मी नवऱ्याला विचारलं, मी झोपेत दात खाते का रे. तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "वीस एक वर्षं झाली." मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस. "सांगून काय, थांबली असतीस?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गाळणी हातात धरून मी तशीच उभी राहिले. वीस वर्षं शेजारच्या माणसाने माझ्या दातांचा आवाज ऐकला होता, आणि काही ऐकलंच नसल्यासारखा तो दर सकाळी मला उठवत होता. आरशात जाऊन बघितलं. खरंच, चारही दात एका रेषेत आले होते, पट्टीने आखल्यासारखे. मला भीती वाटली, आणि ती दातांची नव्हती. आतमध्ये कोणीतरी रोज काहीतरी चावत होतं आणि ते काय आहे याची मी सतरा वर्षं इतरांकडे चौकशी करत फिरत होते.

शनिवारी गेले, रविवारी नाही, सोमवारी परत गेले. नुसती बसले. नुसतं बसणं मी इतरांना शिकवते, पण मला स्वतःला ते जमत नाही असं लक्षात आलं; मनातल्या मनात मी पुढचा प्रश्न जुळवतच असायची. बाई मात्र आपणहून बोलायला लागल्या, तुकड्यातुकड्यांनी, दम खात. वॉर्डातल्या सिस्टर त्यांना कवळीवाल्या बाई म्हणत आणि त्यांना ते आवडायचं; त्यांनी परतफेड म्हणून माझं नाव समजूतवाल्या ठेवलं. दातांच्या प्रयोगशाळेत त्या चाळीस वर्षं होत्या. दाताच्या डॉक्टरांकडून माणसांच्या जबड्याचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, त्या साच्यावर मेणात दात बसवायचे, हिरडीला गुलाबी रंग द्यायचा, घासायचं, चकाकी आणायची. माणूस कधी दिसायचा नाही. "कितीतरी हजार जबडे हातातून गेले," त्या म्हणाल्या, "पण एकाचाही चेहरा बघितला नाही. चेहऱ्याचा खालचा तिसरा हिस्सा तेवढा माझ्या वाट्याला आला." त्यांना डोकी करायची होती. माणसांची डोकी, मातीत. विसाव्या वर्षी कलाशाळेत त्यांची निवड झाली होती, मूर्तिकामाच्या वर्गात, सगळ्यांत वरच्या नंबराने. त्याच वर्षी वडील गेले. धाकटी बहीण नऊ वर्षांची. आईने अंथरूण धरलेलं. ओळखीच्या एकाने दातांच्या प्रयोगशाळेत लावून दिलं, हात चांगला आहे म्हणून, दोन वर्षांसाठी.

"धाकटीमुळे राहिलं," त्या एकदम म्हणाल्या. मग खूप वेळ काही बोलल्या नाहीत. धाकटी आता परगावी मोठ्या हुद्द्यावर होती. पूल बांधायच्या एका कंपनीत इंजिनियर. दर रविवारी यायची, खाटेशेजारी ताठ बसायची आणि औषधांची चौकशी करायची. दोघी बहिणींना गोळ्यांच्या वेळा सोडून दुसरं काही बोलताना कोणी ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, घरी काही केलंत का? म्हणजे नोकरी सांभाळून? हा माझा ठरलेला प्रश्न. बहुतेकांचं एखादं चित्र, एखादी वही कुठेतरी असते आणि त्या धाग्याने पुढे जाता येतं. "केली की. गॅलरीत. ओल्या फडक्याखाली." कुठे आहेत ती? "नाहीत. माती एकच होती. एक डोकं करायचं, पंधरा-वीस दिवसांनी बघायचं, आवडायचं नाही, मोडायचं, परत भिजवायची. त्याच मातीतून किती झाली असतील, मोजली नाहीत. एकही भट्टीत गेलं नाही." आणि कोणी बघितलं? "कोणाला दाखवणार? धाकटी म्हणायची, छान आहे ताई. तिला छानच म्हणायचं असायचं."

सोलत जाण्यासारखी ही इच्छा नव्हती. तिच्या आत दुसरं काही निघत नव्हतं. बाईंनी माझ्याकडे मान वळवली. डोळ्यांखालची सूज, पिवळट पडलेला रंग, आणि त्यात ते अतिशय जागे डोळे. "राहिलं याचं मला एवढं नाही," त्या म्हणाल्या. "पुष्कळांचं राहतं. मला येत होतं की नव्हतं, हेच कळलं नाही. येत असून राहिलं असेल तर रडेन. येतच नव्हतं तर हसेन. पण कशासाठी काय करू, तेच कळत नाही. त्रेसष्ट वर्षं झाली आणि आपण कोण होतो ते ठाऊक नाही, म्हणजे काय हो?"

"तुमची वरच्या नंबराने निवड झाली होती," मी म्हणाले.

"विसाव्या वर्षी सगळ्यांनाच येतं," बाई म्हणाल्या.

मंगळवारी मी माती घेऊन गेले. शाळांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, विटेएवढी, थंड. पिशवीतून नेताना ती मांडीवर इतकी जड लागत होती की बसमध्ये मी ती दोनदा या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. ही कल्पना नवी नव्हती. आमच्या कामात याला छोटी पूर्तता म्हणतात; मोठं राहिलेलं असतं तेव्हा त्याच जातीचं लहान काहीतरी पुरं करून द्यायचं. मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "चादरी कोण धुणार, मॅडम? तुम्ही?" मी म्हटलं, मी धुईन. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्या चादरी मला कधीच धुवाव्या लागणार नाहीत हे कळलं, आणि मग त्यांनीच जेवणाच्या टेबलावर रेक्झिनचा तुकडा अंथरला.

बाईंनी मातीकडे बघितलंही नाही. "हे खेळणं कशाला आणलंत?" बोटं सुजली होती, अंगठीची जागा खोल रुतलेली, आणि सारखा बारीक थरकाप. अर्ध्या तासाने त्यांचा हात आपणहून टेबलाकडे गेला आणि त्यांनी मातीचा एक कोपरा चिमटीत दाबून नाकाशी नेला. "वाळत आलीय," त्या म्हणाल्या. "पाणी आणा. आणि तिथे उजेडात बसा, खिडकीला पाठ करू नका. बोलू नका. बोललात की तुमचा चेहरा कामाला लागतो."

तीन दुपारी मी तशी बसले. इतका वेळ मला कोणी बघितलं नव्हतं. लग्न ठरताना नाही, मूल झालं तेव्हा नाही, कधीच नाही. मी लोकांकडे बघते. तो माझा धंदा. कोणी माझ्याकडे बघणं मला सोसत नाही हे पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. गालाखाली कुठेतरी एक स्नायू उडायला लागला. ओठ कसे ठेवायचे ते आठवेना. त्या बघत, मग खाली बघत, अंगठ्याने दाबत, परत बघत. त्या बघण्यात माया नव्हती, कुतूहलही नव्हतं, मोजमाप होतं, आणि त्याखाली बसल्या बसल्या माझ्या आतलं सामान हळूहळू सरकायला लागलं. दुसऱ्या दुपारी बाबा आले. तसे ते नेहमीच येतात. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी त्यांची गोष्ट सांगते. माझे वडील बसमध्ये कंडक्टर होते. तिकिटांच्या शाईने उजवा अंगठा कायमचा काळा. कामावरून आल्यावर ते कायद्याच्या वर्गाला जात. सगळे पेपर सुटले, शेवटचा एक तीनदा अडला. चौथ्यांदा फॉर्म भरायचा होता तेव्हा पोटाचं दुखणं निघालं, आणि इस्पितळातून ते परत आले नाहीत. मी वीस वर्षांची होते. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "यंदा बसलो असतो तर सुटला असता ना गं?" मी म्हणाले, "सुटला असता, बाबा. नक्की." मग ते कुशीवर वळले आणि त्यांना झोप लागली. इथे मी थांबते. वर्गात दोघीतिघींचे डोळे भरलेले असतात. मी सांगते, त्या दिवशी मला माझं काम सापडलं.

पण खिडकीच्या उजेडात, तोंड बंद करून बसले असताना ती गोष्ट तशी चालेना. जी बाजू मी सांगत नाही ती पुढे आली. त्यांच्या सरावाचे पेपर मी पुस्तक उघडून तपासायची. मार्कांची जागा मीच आखून द्यायची. बाबांना तो विषय कळलाच नव्हता. प्रश्न कोणताही असो, ते एकच पाठ केलेलं उत्तर लिहायचे, सुंदर अक्षरात, समास सोडून. त्यांना माणसं कळायची, गर्दी कळायची, कोण उतरणार आणि कोण नुसतंच दाराशी उभं आहे ते पाठमोऱ्यावरून कळायचं. कायदा कळत नव्हता. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी मला विचारलं. आईला नाही विचारलं. त्या घरात त्या प्रश्नाबद्दल ज्याच्याशी बोलता येईल असं एकच माणूस होतं आणि त्या माणसाने 'नक्की' म्हणून दार लावून घेतलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. तिकीट काढलंय म्हणणाऱ्या फुकट्या प्रवाशाकडे कंडक्टर बघतो तसं. ठाऊक असतं, वाद घालायला वेळ नसतो, पुढे जायचं असतं. मग ते भिंतीकडे वळले. झोप लागली नव्हती. सदऱ्यातून खांद्याचं हाड वर आलेलं आणि ते श्वासाबरोबर हलत होतं, जाग्या माणसाच्या श्वासाबरोबर. त्यानंतर चार दिवस ते आईशी बोलले, डॉक्टरांशी बोलले, खालच्या मजल्यावरच्या झाडूवाल्याशीसुद्धा बोलले. माझ्याशी नाही. आणि मी त्या पाठीतून एक गोष्ट तयार केली, तिला शेवट लावला, आणि बत्तीस वर्षं ती सांगत आले, त्यातली सतरा तिच्यावरच पोट भरलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "जबडा आवळलात."

"काही नाही," मी म्हणाले.

"हलवू नका मग," त्या म्हणाल्या, आणि परत कामाला लागल्या.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, चारच्या सुमाराला त्यांनी हात पुसायला फडकं मागितलं. प्रत्येक बोट वेगवेगळं पुसलं. खूप थकल्या होत्या. सिस्टरने मधेच एकदा येऊन प्राणवायूची नळी नाकाला लावून दिली होती आणि ती नाकावर वाकडी बसली होती. "या," त्या म्हणाल्या. "इकडून बघा." मी खाटेच्या त्यांच्या बाजूला गेले आणि वाकून, त्या जिथून बघत होत्या तिथून बघितलं. दीड मुठीएवढं डोकं. मी आधी स्वतःला शोधलं आणि मग शोधणं सोडून दिलं. कपाळ होतं, नाक होतं, डोळ्यांच्या जागा दाबलेल्या होत्या. हनुवटी आणि ओठ नेटके, जवळजवळ जिवंत. तिथे हात सरावाचा होता. त्याच्या वर सगळं अडखळत गेलेलं. एक डोळा दुसऱ्यापेक्षा खाली, आणि तो वाकडेपणा कोणाच्या चेहऱ्यातला नव्हता, नुसता चुकलेला होता. कान म्हणजे दोन चिकटवलेले तुकडे. गर्दीतून उचललेलं, कोणाचंही नसलेलं तोंड.

"खरं सांगा," बाई म्हणाल्या.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. तीन दिवसांत, अशा तब्येतीत, एवढं. ओठ बघा किती. तुम्ही केलंत, पुरं केलंत, हेच. यांतलं एकही खोटं नव्हतं आणि म्हणूनच ते भयंकर होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी श्वास धरून ठेवला होता; ज्याला श्वास पुरत नाही अशा माणसाने. सतरा वर्षांत जे एकदाही केलं नव्हतं ते करताना मला माझा आवाज ओळखू आला नाही.

"नाही जमलं," मी म्हणाले.

त्यांनी श्वास सोडला. डोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत डोक्याकडे. खाली रस्त्यावर कोणीतरी टायर घरंगळत नेत होतं, त्याचा थपथप आवाज येत होता.

"हातामुळे की मुळातच?"

"ते मला नाही सांगता येत."

"दुसऱ्या कोणाला येईल?"

"आता नाही."

"म्हणजे कळणारच नाही."

"नाही," मी म्हणाले. "कळणार नाही."

मग त्या रडल्या. इथे पुष्कळ रडणं बघितलंय. बहुतेक वेळा त्यात सुटकेचा एक भाग असतो, आणि आम्ही तिकडे डोळे लावून बसतो. या रडण्यात सुटका नव्हती. त्या रागाने, तोंड वेडंवाकडं करून रडल्या, नळी ओढून काढली, मी लावायला गेले तर हात झटकला. "चाळीस वर्षं," असं दोनदा म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी ते झाकून ठेवलं." मी खुर्चीवर बसून राहिले. बोलायला काही सापडतच नव्हतं, आणि न सापडण्यात मला पहिल्यांदाच लाज वाटत नव्हती. मी बाईंना दुखवलं होतं. त्यांच्या हातातली शेवटची मऊ गोष्ट मी काढून घेतली होती. हे बरोबर होतं की नाही, ते तेव्हा कळलं नाही, अजून कळलेलं नाही. शेवटी त्या थांबल्या, नळी परत लावू दिली, आणि बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "कान मला कधीच आले नाहीत. कलाशाळेतसुद्धा. केसांखाली लपवायची मी कान." मग थोड्या वेळाने, "मोडा ते. माझ्यात ताकद नाही."

मी दोन्ही तळहात लावले. माती मऊच होती. नाक आधी गेलं. अंगठ्याखाली डोळ्याची खाच आली तेव्हा हात थांबला, तर त्या म्हणाल्या, "दाबा, दाबा, घाबरता काय," आणि मी दाबलं. थोड्या वेळाने परत नुसती वीट होती, फक्त जरा गोलसर. "ओल्या फडक्यात ठेवा," बाई म्हणाल्या. "वाळली तर फुकट जाईल." आणि त्यांनी डोळे मिटले.

शुक्रवारी गेले तर त्या जाग्या होत्या. "काल झोप लागली नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मलाही नाही. "म्हणजे दात तरी वाचले." त्यांच्या स्वरात अजून राग होता, पण तो आता माझ्यावर नव्हता, किंवा फक्त माझ्यावर नव्हता. त्या दिवशी त्यांनी मला बाबांबद्दल विचारलं. म्हणजे, "बुधवारी जबडा आवळलात तेव्हा कोण आलं होतं?" असं विचारलं. मी सांगितलं. वर्गात सांगते ती गोष्ट नाही; सरावाच्या पेपरांची, पाठीची, चार दिवसांची. नवऱ्याला न सांगितलेली ती गोष्ट मी एका मरणाऱ्या बाईला सांगितली, आमच्या कामाच्या सगळ्या नियमांविरुद्ध, आणि सांगताना मला रडू आलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. माझी समजूत काढली नाही. "वाईट केलंत," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचा सुजलेला हात चादरीवरून सरकत येऊन माझ्या मनगटावर पडला. किती वेळ होता कोण जाणे. सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या तेव्हा बाईंनी तो काढून घेतला.

शनिवारी दुपारी त्या गेल्या. मी वर ऑफिसात होते. उतरेपर्यंत झालं होतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, सकाळपासून श्वास लागला होता, शुद्ध होती-नव्हती, आणि चष्मा त्यांनी दोनदा मागून घेतला होता, घातला होता, काढला होता. काही बोलल्या का? नाही. चेहरा शांत होता असं मी म्हणणार नाही. भुवया जवळ आलेल्या होत्या, काहीतरी तपासत असल्यासारख्या.

धाकटी सोमवारी आली, सामान घ्यायला. उंच बाई, करड्या केसांची, बांधकामावर वापरायचे जाड तळाचे बूट तसेच घालून. कपाटातलं एक एक काढून तिने खाटेवर ठेवलं: दोन गाऊन, शाल, चपला, कंगवा. उघड्या गादीवर ते फार थोडं दिसत होतं. मी दाराशी उभी होते. अशा वेळी उभं राहायचं असतं. शाल घडी करता करता ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्याशी बोलायची ना ताई?"

"हो. रोज."

"माझ्यामुळे राहिलं, असं म्हणाली का?"

तिने शाल छातीशी धरली होती. बावन्न वर्षांची असेल, माझ्याच वयाची. हा प्रश्न तिने नऊ वर्षांची असल्यापासून जपून आणला असणार. 'छे हो, असं कधी मनातसुद्धा आणू नका,' हे उत्तर मला इतकं जवळ होतं की ओठ हलले. सतरा वर्षांच्या सवयीने ते हलले. आणि त्या उत्तरानंतर ही बाई शाल पिशवीत टाकेल, आभार मानेल, आणि बाकीचा जन्म भिंतीकडे तोंड करून काढेल हेही दिसलं.

"हो," मी म्हणाले. "म्हणाल्या."

तिने मान हलवली. एकदा, हळू. मग खाटेच्या कडेला बसली. शालीची कड सारखी करत तिने विचारलं, "कितीदा?"

"एकदाच."

"एकदाच?"

"माझ्याजवळ एकदाच. 'धाकटीमुळे राहिलं' म्हणाल्या, आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही, आणि मी वाचायचा प्रयत्नही केला नाही. "मला वाटायचं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "मला वाटायचं रोज म्हणत असेल." तिने तोंड शालीत घातलं. मी दार लोटून घेतलं, जवळ जाऊन तिच्या शेजारी गादीवर बसले, आणि दोघी तशाच बसून राहिलो, मधे कंगवा आणि चपलांचा जोड.